प्रार्थनेपुरता पाळक



आधी सूत्रसंचालकांना एक विनंती. तुमच्या हातात छोट्या चिठ्ठ्यांची गड्डी दिसते आहे, ती खिशात घाला. ‘दोन मिनिटं उरली’ ही चिठ्ठी मी इतक्या वेळा घेतली आहे की अक्षरावरून माणूस ओळखतो. अध्यक्षाला चिठ्ठी द्यायची नाही, हा आपल्या ख्रिस्ती संमेलनाचा जुना शिरस्ता आहे आणि तो मी पहिल्या रांगेत बसून नीट पाहून ठेवला आहे.

पहिल्या रांगेत का, तर प्रार्थना करणाऱ्याला तिथं बसवतात. उठवायला सोपा. चौतीस वर्षं मी पाळक म्हणून सेवा केली. साहित्याच्या, समाजाच्या, महिला मंडळाच्या, शाळांच्या शताब्दीच्या किती व्यासपीठांवर चढलो, त्याचा हिशोब माझ्या डायऱ्यांत आहे. अध्यक्ष म्हणून निवडून आल्यावर एक अख्खी दुपार बसून तो मांडला. प्रारंभीची प्रार्थना एकेचाळीस वेळा. समारोपाची प्रार्थना आणि आशीर्वाद एकोणीस वेळा. जेवणाआधीची सव्वीस वेळा, त्यांतल्या चार वेळी लोकांचा वरणभात संपत आल्यावर आठवण झाली आणि मला ताटावरून उठवलं. भाषण एकदा. ठरलेल्या वक्त्यांची एस.टी. चुकली म्हणून. तेही वक्ते दुसऱ्या गाडीनं येऊन पोचेपर्यंत.

प्रार्थनेसाठी पाळक, भाषणासाठी प्राध्यापक. ही आपली वाटणी. कुणी कधी ठराव करून केली नाही, म्हणून कुणी मोडलीही नाही. आता यंदा मोडली, तर ‘पाळकानं निवडणुकीला उभं राहणं शोभतं का’ असे फोन झाले. मलाही झाला. बिनविरोध होऊ द्या, तुम्हाला उद्घाटनाची प्रार्थना देऊ, असं मला सांगण्यात आलं. बेचाळिसावी! ज्यांनी फोन केला ते आज आले आहेत, त्यांचा आवाज मला फार प्रिय आहे, म्हणून नाव घेत नाही.

माझं म्हणणं असं आहे, आणि हे मी रागाच्या भरात बोलत नाही, राग चौतीस वर्षांत मुरून गेला आहे, की मराठी ख्रिस्ती साहित्याची उतरण ज्या दिवशी पाळकाला माइकसमोरून उचलून फुलांच्या कुंडीशेजारच्या खुर्चीत बसवलं त्या दिवशी सुरू झाली. हसा. पण जरा मागं वळून पाहा. फादर स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात उतरले आणि सासष्टीच्या गावांत आयुष्य काढलं. ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये रायतूरला छापलं गेलं, सुमारे अकरा हजार ओव्यांचं. त्याला कुणाचं अनुदान नव्हतं आणि ते कुठल्या चर्चासत्रात वाचलं गेलं नाही. समोर माणसं बसली होती, त्यांची जुनी पुराणं सुटली होती, त्यांना कानाला ओळखीचं असं काहीतरी हवं होतं. रविवारची गरज होती ती. बाबा पदमनजी पाळक होते. नारायण वामन टिळकांनी १९०४ मध्ये पाळकपदाची दीक्षा घेतली आणि १९१२ पासून आपण आज बसलो आहोत त्याच नगरात जन्मलेल्या ‘ज्ञानोदय’ नियतकालिकाची मराठी बाजू वाहिली. भास्करराव उजगरे रेव्हरंड होते आणि कवी होते. म्हणजे ज्यांच्या तसबिरी तुम्ही मागच्या पडद्यावर छापल्या आहेत, त्यांतल्या बहुतेकांना आजच्या कार्यक्रमात तुम्ही दोन मिनिटं दिली असती.

प्राध्यापकांतही अपवाद आहेत. त्यांतले सहा जण माझ्या अर्जावर सूचक-अनुमोदक होते. त्यांच्याबद्दल मी काही बोलत नाही.

बरं, दोष एकट्या प्राध्यापकांचा आहे का? मघाशी तसं म्हणालो खरा. पण माइक आमच्या हातात होता तेव्हा आम्ही पाळकांनी काय लिहिलं? तारण कसं झालं ते लिहिलं. बाबा पदमनजींचं ‘अरुणोदय’ घ्या. मोठं पुस्तक आहे, मराठी आत्मचरित्राचा इतिहास त्याला वळसा घालून जाऊ शकत नाही. पण त्याचा सगळा जीव बाप्तिस्म्याकडे नेणाऱ्या वाटेत आहे, १८५४ पर्यंतच्या. नावच अरुणोदय. आणि आमची दुपार कुठं आहे? बाप्तिस्मा झाला, पाचारण झालं, डोक्यावर हात ठेवले, गळ्याला पांढरा पट्टा लागला. त्यानंतर तीस-पस्तीस वर्षं ऊन डोक्यावर घेऊन हा माणूस चालतो, त्याच्या पायाला फोड येतात, तो वाट चुकतो, बसतो, कधी कधी परत फिरतो. ते कुठल्या पुस्तकात आहे? पहाटेच्या साक्षींनी आपली कपाटं भरली आहेत आणि संध्याकाळचे मृत्युलेख स्मरणिकांत आहेत. ‘प्रभूच्या द्राक्षमळ्यातील विश्वासू सेवक.’ हे वाक्य मी स्वतः अकरा जणांबद्दल लिहिलं. त्यांतल्या तिघांना मी नीट ओळखत होतो. सांगायचं तात्पर्य, मी खोटं लिहिलं.

दुपारचं पुस्तक आपल्याकडे एक आहे. ते पाळकानं लिहिलेलं नाही, त्याच्या बायकोनं, लक्ष्मीबाई टिळकांनी लिहिलं. ‘स्मृतिचित्रे’. पहिला भाग १९३४ चा. शाळेची पायरी न चढलेल्या बाईनं लिहून ठेवलं की देवाच्या या मोठ्या सेवकाच्या हातात पैसा टिकत नसे, राग नाकावर असे, घरातलं दुसऱ्याला देऊन येताना घरात माणसं आहेत याचा त्याला विसर पडे. आणि तरी ते पुस्तक मिटताना टिळकांवरची माया तसूभर कमी होत नाही. उलट वाढते. आपल्याकडच्या किती जणांना हे कळलं? टिळकांच्या सगळ्या चरित्रकारांनी मिळून जो टिळक उभा केला नाही, तो त्यांच्याशी भांडणाऱ्या बाईनं केला. टिळकांनी १९१७ मध्ये मिशनचा पगार सोडला, ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा मेळा मांडला, दोन वर्षांत गेले. आपण ते त्यागाचं उदाहरण म्हणून सांगतो. पगार सुटल्यावर घरात काय होतं, हे विचारायला लक्ष्मीबाईंकडे जावं लागतं.

आणि फादर दिब्रिटो. २०२० मध्ये धाराशिवला, तेव्हाच्या उस्मानाबादला, अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी एक कॅथलिक धर्मगुरू बसला. बाहेरून विरोध झाला, धमक्या आल्या, पाठीचं दुखणं घेऊन ते तिथं गेले. त्यांनी ‘नाही मी एकला’ हे आत्मकथनही लिहिलं. आमच्या प्रॉटेस्टंट मंडळीत तेवढं धाडस झालं नाही, हे मी या व्यासपीठावरून मान्य करतो. अखिल भारतीय संमेलन धर्मगुरूला अध्यक्ष करतं आणि आपलं ख्रिस्ती संमेलन त्याला मेणबत्ती पेटवायला बोलावतं. पुन्हा तिकडंच वळलो. असो.

आता माझं दुखणं सांगतो. अकरा वर्षांपूर्वी मी एक हस्तलिखित एका समितीकडे पाठवलं. नाव होतं ‘रतामाच्या झुडपाखाली’. तुम्हाला एलियाची गोष्ट ठाऊक आहे. कर्मेल डोंगरावर स्वर्गातून अग्नी उतरवला, बआलच्या संदेष्ट्यांची खोड मोडली, आणि लगेच ईजबेलीच्या एका निरोपानं हा गडी रानात पळाला, झुडपाखाली आडवा झाला आणि म्हणाला, मला मरण दे. मी त्यावर पुष्कळ उपदेश ऐकले आहेत. सगळे जण घाईनं पुढच्या मंद वाणीकडे जातात. मधलं कुणी सांगत नाही. देवदूत आला आणि त्यानं उपदेश केला नाही. निखाऱ्यावर भाकर भाजून ठेवली, पाण्याचा चंबू ठेवला, खा म्हणाला. तो खाऊन पुन्हा झोपला, तर झोपू दिलं. दुसऱ्यांदा उठवलं तेही खायलाच. माझं पुस्तक एवढ्यावरच होतं. पाळकाला भाकर कोण भाजतं?

चौदा महिन्यांनी हस्तलिखित परत आलं. सोबत तीन ओळी. लेखन ओघवतं आहे, पण त्यातून साक्ष उभी राहत नाही; सेवकाच्या दुर्बलतेचं प्रदर्शन मंडळीच्या उन्नतीस पोषक नाही; शुभेच्छा. सही होती, ती मी वाचून दाखवत नाही. आपलेच दात, आपलेच ओठ. पण ‘प्रदर्शन’ हा शब्द मला जवळजवळ दहा वर्षं बोचतो आहे. प्रदर्शन मी केव्हा केलं, ते सांगतो. दुर्बलतेचं केलं नाही. बळाचं केलं. दर रविवारी, साडेनऊ वाजता.

समितीच्या बाजूनं एक मुद्दा खरा आहे आणि तो मी लपवणार नाही. पाळक लिहायला बसला तर मंडळीची गुपितं फुटतील, ही भीती. बरोबर आहे. रात्री अकरानंतर माझ्या दारावर कोण कोण आलं, हे मला ठाऊक आहे. या मंडपातल्या निदान पंधरा घरांतलं मला ठाऊक आहे, आणि त्यांतली काही घरं मला निवडणुकीत पाडायला निघाली होती. घाबरू नका. जे माझ्याजवळ ठेवलं ते माझ्याबरोबर कब्रस्तानात जाईल. पण पाळकानं लिहायचं म्हणजे दुसऱ्याचं लिहायचं, हे तुम्हाला कुणी सांगितलं? त्यानं आपली थैली उपडी करावी.

करतो.

पगार चार-चार महिने यायचा नाही. पाळकाला उधारी मागता येते, वाणी ती देतोही, कारण देवमाणूस बुडवणार नाही असा त्याचा विश्वास असतो. आमच्या मंडळीपेक्षा अधिक. एका पावसाळ्यात धाकटीला ताप होता. रविवारच्या अर्पणाची थैली सोमवारी खजिनदार नेईपर्यंत माझ्या घरी असायची. मी त्यातून तीनशे रुपये काढले. त्या सोमवारी खजिनदार गावाला गेले होते, शुक्रवारी परतले. गुरुवारी मी पैसे कुठून तरी आणून परत ठेवले. कुणाला कळलं नाही. पुढच्या रविवारी प्रेषितांच्या कृत्यांचा पाचवा अध्याय यायचा होता, हनन्या आणि सप्पीरा. मी प्रकरण बदलून डोंगरावरचं प्रवचन घेतलं. दारात हात मिळवताना पंच म्हणाले, पाळकसाहेब, आज संदेश फार गोड झाला.

हा गोड शब्द. उपासना संपली की दारात उभं राहायचं आणि एकेक हात हातात घ्यायचा. ‘आज फार सुंदर सांगितलं.’ एवढं ऐकायला पाळक सोमवारपासून राबतो. ज्या रविवारी कुणी म्हणालं नाही, त्या रविवारी मी घरी येऊन बायकोवर खेकसलो आहे. आणि बदली झाल्यावर? जुन्या मंडळीतून कुणी आलं की आधी विचारायचो, नव्या पाळकांचं कसं काय? ‘बरं चाललंय, खुर्च्या वाढवाव्या लागल्या’ असं कुणी म्हटलं की मी ‘प्रभूची स्तुती असो’ म्हणायचो आणि आत काहीतरी करपायचं. हे मी स्वतःशी कबूल करायला बारा वर्षं घेतली. तुम्हाला ते बारा मिनिटांत सांगतो आहे.

मोबाईलवरच्या नव्या प्रेषितांबद्दल तरुण पाळकांनी मला बोलायला सांगितलं होतं. बोलणार नाही. त्यांच्याकडे लोक जातात, कारण ते ‘तू बरा होशील’ म्हणतात आणि फोन उचलतात. आमच्यातले किती जण उचलतात?

मघाशी प्रार्थनांचा हिशोब दिला. तो मांडत होतो त्या दुपारी एक गोष्ट ध्यानात आली. एकेचाळीस, एकोणीस, सव्वीस, वर रविवारच्या, लग्नांच्या, घरभरणीच्या, नव्या ट्रॅक्टरच्या. आणि एकट्यानं, दार लावून, कुणी ऐकत नसताना मी प्रार्थना केली ती शेवटची केव्हा, हे मला सांगता येईना. डायरीत ते लिहीत नव्हतो, हे एक कारण. दुसरं, मधली सहा-सात वर्षं मी ती केलीच नाही. तोंड उघडलं की शब्द यायचे, ‘हे स्वर्गीय पित्या’ म्हटलं की पुढचं आपोआप, उसाच्या चरकासारखं. रस तुमच्या पेल्यात जायचा, माझ्याकडे चिपाड. तुम्ही मला दोन मिनिटांच्या प्रार्थनेपुरता केलात हा माझा राग आहे. पण मीही हळूहळू तेवढाच उरलो.

एक मरण आठवतं. गाव सांगत नाही. नऊ वर्षांचा मुलगा, विहिरीत. मी पोचलो तेव्हा त्याला नुकतं बाहेर काढलं होतं. आई त्याचे केस पुसत होती. रडत नव्हती. टॉवेल पिळायची, पुन्हा पुसायची. ‘वाळले पाहिजेत, याला लगेच सर्दी होते,’ म्हणाली. मी तिच्या शेजारी जमिनीवर बसलो होतो, तिच्या खांद्यावर हात होता, आणि माझ्या डोक्यात काय चाललं होतं? केवढं मोठं उदाहरण आहे हे. पुनरुत्थानावर, ईस्टरला. वाक्य जुळत होतं. माझा हात तिच्या खांद्यावर आणि मी वाक्य जुळवत होतो.

ईस्टरला मी ते सांगितलं. नाव न घेता. ‘एका आईनं’ असं म्हणून. मंडळीत रडायला लागले लोक. ती दुसऱ्या बाकावर होती, उजवीकडे. उपासना संपल्यावर रांगेत आली, हात दिला, ‘सलाम, पाळकसाहेब’ म्हणाली. त्यानंतर मी तिथं चार वर्षं होतो. तिनं मला घरी कधी बोलावलं नाही. वर्षश्राद्धासारखी आपल्याकडे स्मरणाची प्रार्थना ठेवतात, ती तिनं शेजारच्या गावच्या सुवार्तिकाकडून करून घेतली.

लेखकांनो, तुम्हालाही हा रोग आहे, म्हणून सांगतो. तुमच्यात आणि माझ्यात एवढाच फरक, की तुम्ही तिचे केस पुसणारा टॉवेल पाहिला असता तर त्याची कथा झाली असती आणि पारितोषिक मिळालं असतं. मला फक्त रडणारी मंडळी मिळाली. ही गोष्ट मी ‘रतामाच्या झुडपाखाली’मध्ये चौथ्या प्रकरणात लिहिली होती. तिला भेटून, तिला वाचून दाखवून. ती ऐकून म्हणाली, हे छापा. हेच ते दुर्बलतेचं प्रदर्शन.

आता बाप्तिस्म्याच्या नोंदवहीबद्दल थोडक्यात. या जिल्ह्यातल्या खेड्यांत सेवा केलेल्या प्रत्येकाला हे ठाऊक आहे आणि एकही जण बोलत नाही. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. पुढं १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध आत आले. आपण बाहेरच. त्यामुळं माणूस येतो, पोराला पाण्याखाली आणतो आणि हळूच म्हणतो, पाळकसाहेब, बाप्तिस्मा द्या, पण वहीत नका लिहू, पुढं त्याची शिष्यवृत्ती जाईल. शहरातले विद्वान यावर विश्वासात कच्चेपणा वगैरे बोलतात. त्यांच्या आजोबांनी धर्मांतर केलं तेव्हा त्यांना मिशनच्या शाळेत नोकरी लागली होती. माझ्यासमोर उभ्या माणसाच्या हातात ऊसतोडीचा कोयता होता. लिहू की नको? नियम म्हणतो लिही. बाप म्हणतो नको. माझ्या काळातल्या वह्यांत काही रकाने कोरे आहेत. कोऱ्या रकान्याबद्दल देव मला काय विचारील ते विचारो. समितीनं विचारू नये.

आता पाळकीणबाईंकडे येतो, कारण माझी बसली आहे आणि मघापासून माझ्याकडे पाहते आहे. पाळकाची नेमणूक होते, पाळकीणबाईची होत नाही. ती फुकट येते, जसं सायकलबरोबर पंप. महिला मंडळ तिचं, संडे स्कूल तिचं, पेटी वाजवता येत असेल तर ‘उपासना संगीत’ तिचं, पाहुण्यांचा चहा तिचा. तिची साडी नवी असली तर ‘पाळकांना परवडतं कसं’, जुनी असली तर ‘मंडळीची लाज’. चौतीस वर्षांत आमची नऊ घरं झाली. नऊपैकी सात बंगले गळके. बंगला म्हणायचं फक्त. मिशनरींच्या काळातला शब्द राहिला, मिशनरींचं छप्पर राहिलं नाही. निरोपसमारंभात शाल, श्रीफळ आणि भिंतीवरचं घड्याळ. आमच्याकडे नऊ घड्याळं आहेत आणि पेन्शन... ते जाऊ द्या. धाकटीनं एकदा विचारलं होतं, पप्पा, आपण कुणाच्या घरात राहतो? मी म्हटलं, देवाच्या. ती म्हणाली, मग देव कौलं का बदलत नाही? ती आता पुण्यात असते. रविवारी झोपते. मी तिला काही म्हणत नाही.

एलीचे पुत्र, शमुवेलाचे पुत्र. शास्त्रानं याजकांच्या पोरांची गोष्ट लपवली नाही. आम्ही लपवतो. पाळकाचा मुलगा दारू प्यायला लागला की तो ‘मुंबईला नोकरीला’ असतो.

आता माझा मुख्य मुद्दा. हो, आत्ताच. ठराव समितीनं सहा ठराव तयार केले आहेत. शासनानं अमुक पुरस्कार द्यावा, तमुक अध्यासन काढावं. यांतले चार मी गेल्या वीस वर्षांत प्रार्थना करून मंजूर होताना पाहिले आहेत. मला सातवा हवा आहे.

अमेरिकन मिशनची माणसं १८१३ मध्ये मुंबईत आली, १८३१ मध्ये नगरला. त्यांनी घरी लिहिलेली पत्रं, अहवाल, तक्रारी, पावसाळ्यात बूट कुजले याच्या बातम्या, हे सगळं हार्वर्डच्या हॉटन ग्रंथालयात जपून ठेवलेलं आहे. आमचे अभ्यासक विमानानं जाऊन ते वाचतात, परत येऊन इथं दीड तास बोलतात. फार चांगलं. पण त्या मिशनरीच्या मागं बैलगाडीत बसून जाणारा, त्यानं सांगितलेलं गावच्या बोलीत उतरवणारा, मांगवाड्यात मुक्काम करणारा जो मराठी पाळक होता, त्याच्या वह्या कुठं आहेत? आपल्याकडचे पाळक वह्या भरत. उपदेश एका बाजूला. आणि उलट बाजूनं वही उघडली की हिशोब, कुणाचं लग्न, कुणाचं मरण, किती मैल चाललो, ज्वारी काय भावानं, आज उपदेश करवला नाही. ती उलटी बाजू म्हणजे आमचं ‘स्मृतिचित्रे’ आहे. ती कुणी उलटून पाहिली नाही. पाळक गेला की आठ दिवसांत बंगला रिकामा करावा लागतो, आणि रद्दीवाला किलोवर घेतो. एका ज्येष्ठ सहकाऱ्याच्या मुलानं मला फोन केला होता, काका, पप्पांच्या वह्या कुणाला हव्यात का? मी दोन संस्थांना विचारलं. एकीनं म्हटलं, स्कॅन करून पाठवा. दुसरीनं म्हटलं, अप्रकाशित साहित्य आम्ही घेत नाही. वही अप्रकाशितच असते, महाराज!

मग मी घेतल्या. मग दुसऱ्यानं दिल्या, तिसऱ्याच्या विधवेनं पोत्यात घालून पाठवल्या. आज माझ्याकडे एकशे बावीस वह्या आहेत, सतरा पाळकांच्या. न्हाणीघरावरच्या माळ्यावर. गेल्या पावसाळ्यात एका कोपऱ्याला वाळवी लागली. सगळ्या मी वाचल्या नाहीत, अक्षर लागत नाही. पण जेवढ्या वाचल्या त्यांत झुडपाखाली झोपलेला प्रत्येक जण मला भेटला आहे. एकानं तर सबंध एक पान एकच शब्द लिहिला आहे, थकलो. दुसऱ्या पानावर रविवारचा मुद्दा.

सातवा ठराव असा: एक खोली, एक लोखंडी कपाट, कोरड्या जागी, आणि अक्षर लागणारा एक माणूस. पुरस्काराच्या रकमेपेक्षा खर्च कमी आहे. अध्यक्षाला ठराव मांडता येत नाही, असं मघाशी मला घटनेचं पुस्तक दाखवून सांगण्यात आलं. ठीक आहे. मी मांडत नाही.

कार्यक्रमपत्रिकेच्या शेवटच्या पानावर सर्वांत खाली पाहा. ‘समारोपाची प्रार्थना’ आणि पुढं माझंच नाव छापलं आहे. अध्यक्षाचंच. चूक नसावी, हात बसला आहे छापणाऱ्याचा. ती प्रार्थना मी करीन. विसावी. पण मंडपाच्या मागं, पाण्याच्या टाकीपाशी, एक टेम्पो उभा आहे. त्यात पाच ट्रंका आहेत. त्या कुणाच्या घरी उतरवायच्या हे तुम्ही आपसांत ठरवा. मी पहिल्या रांगेत बसतो. ड्रायव्हरला साडेसातपर्यंत सोडायचं आहे, आणि ट्रंका उतरल्याशिवाय मी डोळे मिटणार नाही.